मलमाला न जुमानणारा नायटा

भारतातून परत निघताना बॅगेत काय काय असतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत औषधं. तापाच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या आणि खाजेवरच्या मलमाच्या दोन-चार ट्यूब. "तिकडे डॉक्टरची वेळ लवकर मिळत नाही, असू दे जवळ," असं आई म्हणते, आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं. आज बोलायचं आहे ते त्या मलमाबद्दल, आणि त्याला न जुमानणाऱ्या एका बुरशीबद्दल.

मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. त्वचेच्या बुरशीचे नमुने आमच्याकडे काळ्या कागदाच्या घडीतून येतात. काळा कागद अशासाठी, की त्वचेवरून खरवडलेले पांढुरके खवले त्यावर नीट दिसावेत. दिसायला अगदी क्षुल्लक, चिमूटभरही नाही. पण त्या चिमटीतून कधीकधी जी बुरशी वाढून येते, तिच्या नावातच आपला देश आहे. 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हे तिचं नाव.

नायटा तोच, बुरशी वेगळी

नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, आपल्याकडे हा आजार कुणी फारसा मनावर घेत नाही. माझ्या सांगलीच्या मावशीला मी काय काम करते ते सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, नायट्याला कसली आलीय लॅब? टाकळ्याचा पाला चोळायचा नाहीतर गंधक लावायचं." तिच्या पिढीचा अनुभव तसाच होता. नंतरच्या पिढीला तर टर्बिनाफिनसारखं चांगलं औषध मिळालं. दोन आठवडे मलम, फारच पसरलं असेल तर काही आठवडे गोळ्या, की काम झालं. डॉक्टरही चट्टा बघून औषध लिहून देत. बुरशी कुठली, तिच्यावर कुठलं औषध चालतं, हे विचारायची वेळच येत नसे.

गेल्या दहा वर्षांत हे चित्र बदललं. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ सांगू लागले, की नायटा अंगभर पसरतोय, अख्ख्या घराला होतोय, आणि टर्बिनाफिन पूर्ण घेऊनही जात नाही किंवा जाऊन परत येतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2018 साली असे नमुने तपासून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश बुरश्या टर्बिनाफिनला दाद देत नव्हत्या. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेवरच्या बुरशीचा अभ्यास करून ही वेगळी प्रजात असल्याचं मांडलं आणि तिला 'इंडोटिनी' हे नाव दिलं.

मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेत या बुरशीची नोंद झालेले हे पहिलेच रुग्ण. एकीला बांगलादेशात असतानाच त्रास सुरू झाला होता, घरातल्या इतरांनाही तसाच होता. दुसरी मात्र अलीकडे कुठल्याच परदेशात गेलेली नव्हती. म्हणजे बुरशी तिथल्या तिथे पसरू लागली होती. दोघींनाही आधी टर्बिनाफिनच्या गोळ्या दिल्या, दोघींनाही गुण आला नाही. पुढे एकीला इट्राकोनॅझोलने बरं वाटलं, दुसरीला ग्रिसिओफल्विन या जुन्या औषधाने बराचसा आराम पडला. ब्रिटन, युरोपातले अनेक देश, कॅनडा, आखाती भाग, सगळीकडून आता अशा नोंदी आहेत.

नावात 'इंडो' आहे म्हणून वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, आणि लपवण्याचंही नाही. बुरशी पासपोर्ट बघत नाही. पण तिची ये-जा आपल्यासारख्या दोन घरं असलेल्या लोकांबरोबर होते, हे मान्य केलं तर उपायही आपल्याच हातात येतो.

ट्यूबमध्ये नक्की काय असतं?

आपल्याकडच्या मेडिकलमध्ये "खाजेचं मलम द्या" म्हटलं, की बऱ्याचदा जी ट्यूब हातात पडते तिच्यात एक नव्हे, तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एक-दोन जिवाणूंवरची आणि एक स्टेरॉइड, तेही पुष्कळदा क्लोबेटासोलसारखं अतिशय तीव्र. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत थांबते. माणूस खूश होतो, ट्यूब बाजूला ठेवतो. पण स्टेरॉइडने बुरशी मरत नाही, उलट आपल्या त्वचेची प्रतिकारशक्ती तेवढ्यापुरती झोपते. बुरशी आरामात वाढते. आठवड्याभराने चट्टा परत येतो, आधीपेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब, पुन्हा दोन दिवस आराम. असं चक्र महिनोन् महिने चालतं. दरम्यान, नायट्याची ती ओळखीची गोल कड पुसट होते आणि डॉक्टरलाही तो इसब वाटू शकतो. इंग्लंडमधल्या जीपीने तर असा नायटा क्वचितच पाहिलेला असतो.

भारत सरकारने 2018 मध्ये त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याआधीपासून यासाठी आवाज उठवला होता. तरी कागदावरचा नियम आणि नाक्यावरचं दुकान यांतलं अंतर आपल्याला माहीत आहे.

ही प्रतिकारक बुरशी फक्त या ट्यूबांमुळेच जन्मली असं मात्र म्हणता येणार नाही. उष्णता, घाम, घट्ट कृत्रिम कपडे, दाटीवाटीची वस्ती, अर्धवट सोडलेले उपचार, अशी बरीच कारणं सांगितली जातात. पण अर्धवट मारा झालेल्या बुरशीला पसरायला सगळ्यात सोयीची जागा या ट्यूबने करून दिली, याबद्दल तज्ज्ञांमध्ये फारसं दुमत नाही.

टर्बिनाफिन काम कसं करतं, तेही थोडक्यात पाहू. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला अर्गोस्टेरॉल नावाचा एक पदार्थ लागतो. तो तयार करणाऱ्या साखळीत स्क्वालीन एपॉक्सिडेज नावाचं एक विकर आहे. टर्बिनाफिन त्यालाच जाऊन चिकटतं आणि काम बंद पाडतं. इंडोटिनीच्या प्रतिकारक वाणांत या विकराच्या एखाद्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्या बदलाने औषध नीट चिकटत नाही. विकर चालू राहतं, बुरशी जगते, आणि आपण आणखी एक ट्यूब उघडतो.

बुरशीला प्रश्न विचारायचा कसा?

कुठलं औषध चालेल, हे त्या बुरशीलाच विचारणं, हे आमच्या चाचणीचं मर्म आहे. जिवाणूंसाठी अशी चाचणी फार पूर्वीपासून रोजच्या कामाचा भाग आहे. लघवीच्या कल्चरच्या रिपोर्टवर औषधांची यादी आणि पुढे एस, आर अशी अक्षरं आपण पाहिलेली असतात. बुरशीच्या बाबतीत मात्र हे उशिरा घडलं. अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने यासाठी 1982 मध्ये समिती नेमली आणि यीस्टसाठीची मान्य पद्धत प्रसिद्ध व्हायला 1997 साल उजाडलं. तंतुमय बुरशीची पद्धत त्यानंतर आली. बुरशी सावकाश वाढते, तिची वाढ मोजायची कशी हे ठरत नव्हतं, आणि एकाच बुरशीचं दोन प्रयोगशाळांत दोन तऱ्हेचं उत्तर यायचं. आधी सगळ्यांनी एकाच पद्धतीने प्रश्न विचारायला शिकणं गरजेचं होतं.

आता पद्धत अशी. आधी खवल्यांचा थोडा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे तंतू दिसले की 'बुरशी आहे' इतकं त्याच दिवशी कळतं. उरलेले खवले कल्चरला लावतात. त्वचेच्या बुरश्यांना वाढायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, तिथे घाई करून चालत नाही. वाढलेली बुरशी कोणती, हे नुसतं बघून सांगणं इंडोटिनीच्या बाबतीत अवघड आहे. ती तिच्या जवळच्या नातेवाईक बुरशीसारखीच दिसते. म्हणून डीएनए वाचावा लागतो. ब्रिटनमध्ये असे नमुने ब्रिस्टलच्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवतात.

मग येते औषधांची परीक्षा. हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची एक ताटली असते, तिच्यात 8 ओळींत 12 अशा 96 छोट्या खळग्या. एका ओळीत एक औषध. पहिल्या खळगीत ते सगळ्यात तीव्र, दुसरीत त्याच्या निम्मं, तिसरीत त्याच्याही निम्मं. पंगतीला पाहुणे वाढत गेले की आमटीत पाणी वाढत जातं ना, अगदी तसं. 16, 8, 4, 2, 1, 0.5 असं उतरत उतरत. प्रत्येक खळगीत मोजून सारखीच बुरशी घालतात. एका खळगीत फक्त बुरशी, औषध नाही, म्हणजे बुरशी जिवंत आहे ना ते कळतं. एकीत बुरशीच नाही, म्हणजे द्रव शुद्ध आहे ना ते कळतं. शिवाय, ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा ठरावीक बुरश्याही सोबत तपासतात. त्यांचं उत्तर चुकलं तर सगळी चाचणी पुन्हा. परीक्षकाचीच परीक्षा म्हणा.

ताटली उबदार पेटीत ठेवायची. कँडिडासारख्या यीस्टचं उत्तर साधारण एका दिवसात मिळतं, नायट्याच्या बुरशीला चार ते सात दिवस लागतात. ज्या सगळ्यात कमी तीव्रतेच्या खळगीत बुरशीची वाढ ठरलेल्या प्रमाणात थांबली, तो आकडा रिपोर्टवर येतो. त्याला एमआयसी म्हणतात. साध्या बुरशीला टर्बिनाफिन लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरतं. प्रतिकारक इंडोटिनीच्या ओळीत मात्र 0.5, 1, कधी 16 च्या खळगीतही बुरशी निवांत वाढलेली दिसते. सगळ्यात तीव्र औषधात वाढलेला तो धूसर गोळा बघितला, की त्या माणसाने इतके महिने काय सोसलं असेल, ते न सांगता समजतं.

लहान आकडा म्हणजे चांगलं औषध नव्हे

हल्ली रिपोर्ट थेट फोनवर येतो, आणि आपण लगेच आकडे वाचायला बसतो. इथे एक गफलत हमखास होते. एका औषधापुढे 1 आणि दुसऱ्यापुढेही 1, म्हणजे दोन्ही सारखीच, असं वाटतं. तसं नसतं. प्रत्येक औषध शरीरात किती पोचतं ते वेगळं, त्यामुळे प्रत्येकाची रेघ वेगळी. अमेरिकी मानकांनुसार कँडिडा अल्बिकन्ससाठी फ्लुकोनॅझोलचा आकडा 1 आला तर औषध चालेल, पण कॅस्पोफंजिनचा आकडा 1 आला तर ती बुरशी प्रतिकारक समजतात. आकडा तोच, अर्थ उलटा. म्हणून दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून लहान-मोठं करू नये.

नायट्याच्या बुरश्यांसाठी अशी सर्वमान्य 'पास-नापास' रेघ अजून पक्की बसलेली नाही. साध्या बुरशीचे आकडे कुठपर्यंत जातात ते बघून, त्यापलीकडच्या आकड्याला प्रयोगशाळा धोक्याची खूण मानते. त्याचा अर्थ लावणं हे डॉक्टरचं काम.

आणि चाचणी हा काही गुण येण्याचा दाखला नाही. संसर्गशास्त्रात 90-60 असा एक ढोबळ ठोकताळा सांगतात. चाचणीत औषध 'चालेल' असं आलं तर सुमारे 90 टक्के रुग्णांना गुण येतो, 'चालणार नाही' असं आलं तरी सुमारे 60 टक्क्यांना येतो. कारण ताटलीत फक्त औषध आणि बुरशी असते. माणसात त्याची प्रतिकारशक्ती असते, मधुमेह असतो, विसरलेल्या गोळ्या असतात. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलचंच बघा. त्या जेवणाबरोबर घेतल्या तर नीट शोषल्या जातात, आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेतल्या तर त्यांचा बराचसा भाग वाया जातो. ताटलीत उत्तम ठरलेलं औषध पोटातूनच पुढे गेलं नाही, तर प्रयोगशाळा त्याला काय करणार?

मुळात बुरशीचं नाव कळलं तरी अर्धं उत्तर मिळतं. 2021 च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रातल्या किती घरांनी म्युकरमायकोसिस हा शब्द पहिल्यांदा ऐकला, ते आपण विसरलेलो नाही. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी इथून केलेले फोन कुणाकुणाला आठवत असतील. तेव्हा व्होरिकोनॅझोल हे दुसरं औषध असूनही उपयोगाचं नव्हतं. ॲस्परजिलस या बुरशीवर ते पहिल्या पसंतीचं, पण म्युकरवर चालतच नाही. दोन्ही बुरश्या, दोन्ही नाकातून शिरणाऱ्या, तरी एकीचं औषध दुसरीला लागू नाही. म्हणून 'बुरशी आहे' एवढ्यावर थांबून चालत नाही.

मग आपण काय करायचं?

प्रत्येक चट्ट्यासाठी ही सगळी चाचणी करायची गरज नसते, आणि ते परवडणारंही नाही. बहुतेक साधे नायटे आजही साध्या औषधाने बरे होतात. पण टर्बिनाफिन नीट, पूर्ण मुदत घेऊनही चट्टा हटत नसेल, अंगावर बऱ्याच ठिकाणी पसरला असेल, घरात दोघातिघांना असेल, किंवा भारतवारीनंतर सुरू झाला असेल, तर डॉक्टरला तीन गोष्टी स्वतःहून सांगा. भारतात किंवा भारतीय उपखंडात कधी जाऊन आलात, आधी कुठली मलमं लावली, आणि घरात आणखी कुणाला आहे. ट्यूबचा फोटो दाखवा, त्यात स्टेरॉइड होतं हे लपवू नका. जीपी रागावणार नाही, उलट त्याचं निम्मं काम होईल. आणि विचारा, "खवले तपासायला पाठवता येतील का?" नमुना घेण्याआधी मलम किती दिवस बंद ठेवायचं तेही विचारून घ्या. नुकतंच बुरशीचं मलम लावलं असेल तर कल्चरमध्ये काहीच न उगवण्याची शक्यता असते.

इट्राकोनॅझोल हे पर्यायी औषध चांगलं आहे, पण ते घरच्या घरी सुरू करायचं नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, हृदय कमकुवत असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, गरोदरपणात ते टाळतात. आणि इंडोटिनीला आठवडा-दोन आठवडे पुरत नाहीत. उपचार कित्येक आठवडे, कधी महिने चालतात. चट्टा दिसेनासा झाला म्हणून मध्येच थांबलं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आखातात एका खोलीत चौघं-सहा जणं राहतात, इथे विद्यार्थी एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जणं राहतात. टॉवेल, चादर, जिमचे कपडे वेगळे ठेवा, कडक गरम पाण्यात धुवा, नीट वाळवा. एकाच्या उपचाराबरोबर इतरांनाही तपासून घ्या. लाजेपोटी हा आजार सांगितला जात नाही, आणि न सांगितल्यामुळेच तो चौघांत फिरतो.

भारतातल्या नातेवाइकांसाठीही एक निरोप. सूक्ष्मदर्शकाखालची पहिली तपासणी स्वस्त आहे आणि अनेक त्वचारोगतज्ज्ञ ती दवाखान्यातच करतात. कल्चरची सोय मोठ्या शहरांत, वैद्यकीय महाविद्यालयांत मिळते. मेडिकलवाल्याला चट्टा दाखवण्याआधी तिथे दाखवावा, एवढंच. माझ्या मावशीला मी हे सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे औषध लावण्याआधी त्या बुरशीला विचारायचं, बाई तुला काय चालत नाही ते." आमच्या प्रशिक्षणातल्या जाडजूड पुस्तकांतही हे इतकं सोपं करून लिहिलेलं नव्हतं.